मागे झोपवलेला माणूस

चप्पल

माझी चप्पल रस्त्यात राहिली आणि मला ते कळलंच नाही. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून डेअरी फार लांब नाही. सकाळचं दूध आणायला रोज मीच जातो. त्या दिवशी डेअरीवाला पिशवी हातात देता देता म्हणाला, "साहेब, आज एकच चप्पल?" खाली पाहिलं तर उजवा पाय उघडा. मागे रस्त्याच्या मधोमध चप्पल पडली होती आणि एक रिक्षा तिला वळसा घालून जात होती. आम्ही दोघं हसलो. मी मागे जाऊन चप्पल पायात सरकवली. ती नीट बसली की नाही हे मला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. तिथे मात्र माझं हसू थांबलं.

दोन दिवस तळपायांना मुंग्या येत होत्या. त्याआधी पारोळ्याकडे एका लग्नाला गेलो होतो, तिथून आल्यावर पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं होतं. वय पन्नाशीच्या पुढे गेलं की अशा गोष्टींकडे कोण लक्ष देतो? पण त्याच दुपारी मी खुर्चीतून उठायला गेलो आणि उठता येईना. पाय दुखत नव्हते. ते नुसते ऐकत नव्हते.

"अहो, हात द्या," शैला म्हणाली. शैला माझी बायको. तिने मला ओढलं, मी अर्धा उठलो आणि तिच्यासकट दिवाणावर कोसळलो. ती उठली, पदर खोचला, आणि रिक्षा आणायला बाहेर पडली. मी 'उद्या बघू' म्हणेन हे तिला माहीत होतं, म्हणून तिने मला विचारलंच नाही.

थोडं माझ्याबद्दल सांगतो. मी सैन्यात हेलिकॉप्टर पायलट होतो. नोकरीची बरीचशी वर्षं उत्तरेकडच्या डोंगरांत गेली, त्यातला एक उन्हाळा युद्धात. निवृत्तीनंतर जळगावात घर केलं. मूळ गाव पारोळ्याजवळ, तिथली शेती माझे थोरले भाऊ नाना बघतात. मला हे लिहायचंय ते आजारपणाबद्दल, कारण मी अंथरुणावर असताना असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. पण आजारपणाचं लिहायला बसलो की युद्ध मध्ये येतं. त्याला माझा इलाज नाही.


निदान

दवाखान्यातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी रबरी हातोडीने गुडघ्याखाली टकटक केलं. पाय उडायला हवा होता, तो उडाला नाही. दुसरा पायही नाही. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. डॉक्टर बसून बोलायला लागले की समजावं, बोलणं थोडक्यात आटोपणारं नाही.

"गेल्या पंधरवड्यात जुलाब झाले होते?"

"हो."

"मग बहुतेक जीबीएस. तपासण्या करू, पण मला दुसरं काही वाटत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा जंतूंशी लढता लढता चुकून तुमच्याच नसांवर हल्ला करते."

"आपल्याच तोफा आपल्यावर," मी म्हणालो. "आम्हाला ते नवीन नाही."

डॉक्टर हसल्या. शैला हसली नाही. "कुठपर्यंत जाईल हे?" तिने विचारलं.

"आधी पाय, मग हात. काही जणांत श्वासापर्यंत जातं. तसं झालं तर काही काळ मशीनवर ठेवावं लागेल." मग त्यांनी माझ्याकडे बघून, एकेक शब्द सावकाश उच्चारत सांगितलं, "बहुतेक माणसं यातून बरी होतात. पण आधी आणखी खाली जावं लागतं, तिथे थांबावं लागतं, मग हळूहळू वर. उद्यापासून बरं वाटेल असं मी सांगणार नाही. उद्या आजच्यापेक्षा वाईट असेल."

त्या बाईंचे माझ्यावर खूप उपकार आहेत, पण सगळ्यात मोठा हा, की पहिल्याच दिवशी त्यांनी हे वाक्य सांगितलं. दुसऱ्या दिवशी हातातून पाण्याचा ग्लास निसटला तेव्हा मी घाबरलो जरूर. पण मला फसवलं गेलंय असं वाटलं नाही.


हलवायचं की नाही

दुसऱ्या दिवशी नाना गावाहून आले. पहाटेची एसटी पकडून आले होते, धोतराला शेतातली काळी माती तशीच. नाना शुद्ध मराठी बोलू शकतात, पण घाबरले की अहिराणीवर येतात.

"विलास, काय व्हयनं रे तुले? लगीनमा ते चांगला नाचत व्हता!"

"काही नाही नाना. नसांचं दुखणं आहे."

"पुन्याले लई जाऊत. आठे नको." पुण्याला घेऊन जाऊ, इथे नको.

फोनवर मुलगी गार्गी. ती बंगळूरला नोकरी करते. "बाबा, मी कार्डियाक ॲम्ब्युलन्स बघितलीय. मुंबईला हलवू. मी थेट तिथे पोहोचते." तिचा आवाज फार व्यवस्थित होता. रडू दाबून ठेवलं की तिचा आवाज असा होतो.

औषध जळगावात मिळत होतं, सलाईनमधून सुरूही झालं होतं. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की दोन्हीकडे औषध तेच, मशीनही तेच. पण श्वास उतरणीला लागलाय आणि रस्त्याचा प्रवास मोठा आहे.

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. आयुष्यभर तो मी दुसऱ्यांच्या बाबतीत सोडवला होता. वर डोंगरावर एखादा जवान जखमी झाला की खालून रेडिओवर हजार सूचना यायच्या. मोठ्या हॉस्पिटलला न्या, थेट न्या. आम्ही वैमानिक एकच विचारायचो, वाटेत काय होईल? मुक्कामाला पोहोचणारा माणूस जिवंत नसेल तर मुक्काम कितीही चांगला असून काय उपयोग?

"मला इथेच ठेवा," मी म्हणालो.

नानांनी तोंड फिरवलं. गार्गीने फोन ठेवला, मग पुन्हा लावला आणि "मी जळगावला येते" एवढंच म्हणाली. शैलाने उशी नीट केली, नाना आणि डॉक्टर बाहेर जाईपर्यंत थांबली, आणि मग कमी आवाजात म्हणाली, "तुम्ही हुकूम दिलात आणि मोकळे झालात. चुकलं तर त्याच्यासोबत जगायचंय मला."

तिचं खरं होतं. आजारी माणसाचा धीर सगळ्यांना दिसतो. त्याच्या धीराचा भार कुणावर पडतो ते कुणी बघत नाही.


श्वास

अतिदक्षता विभागात मनीषा सिस्टर होत्या. पाचोऱ्याच्या. रोज तिथून रेल्वेने यायच्या. दर थोड्या वेळाने येऊन म्हणायच्या, "चला साहेब, एका श्वासात मोजा." छातीत किती जोर उरलाय हे बघायची ती साधी पद्धत. मी एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत जायचो आणि श्वास संपेल तिथे थांबायचो. पहिल्या दिवशी तिशीपर्यंत गेलो. मग विशीत अडकलो. मग त्याच्याही आत. बोलताना माझी वाक्यं मध्येच तुटायला लागली. गार्गी तोपर्यंत आली होती. ती पायाशी उभी राहून माझ्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजायची आणि मी थांबलो की तीही थांबायची.

एका दुपारी मी दहालाही पोहोचलो नाही. मनीषा सिस्टरनी मला शाबासकी दिली आणि लगबगीने बाहेर गेल्या. मला कळलं.

डॉक्टर आल्या. "साहेब, दमून जाण्याआधीच मशीन लावू या. नंतर घाईत लावण्यापेक्षा आता शांतपणे."

"हरकत नाही," मी म्हणालो. शैलाने माझ्या कपाळावर हात ठेवला. मला तिला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "गाडीची... चावी... टीव्हीवर आहे." ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. पुढे बराच काळ ते माझं शेवटचं वाक्य होतं.

जागा झालो तेव्हा घशात नळी होती. हात, पाय, मान, काहीच हलत नव्हतं. चेहराही लुळा. पापण्या मात्र हलत होत्या. बाहेरून बघणाऱ्याला मी बेशुद्ध वाटत असेन, पण मला सगळं ऐकू येत होतं. चादरीचा स्पर्शसुद्धा सोसत नव्हता, निखारे घासल्यासारखा. 'लुळं पडलेल्या अंगाला दुखत नाही' असा समज असेल तर तो काढून टाका. आणि अशा माणसाची सेवा करत असाल तर त्याला वळवण्याआधी त्याला सांगा. अचानक लागलेल्या हातापेक्षा सांगून लागलेला हात कमी दुखतो.

भीती कशाची होती? मरणाची नव्हती. मशीनची नळी निसटेल आणि मला हाक मारता येणार नाही, याची होती. ती भीती दिवसभर असायची. मान हलवता येत नाही, म्हणून नजर छताला. छतावर पांढऱ्या चौकोनी फरशा. तिथे बघत पडलो असताना मला युद्धातला एक हवालदार आठवायला लागला.


धारेवरचे दोघं

त्या उन्हाळ्यात आम्ही रोज उडत होतो. वर जाताना दारूगोळा, रॉकेल, औषधं आणि टपाल. खाली येताना माणसं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की हेलिकॉप्टरला स्वतःचंच ओझं होतं. म्हणून इंधन बेताचं भरायचं, मागची सीट काढायची, दारं काढायची, कधी कधी जोडीदार वैमानिकालाही खाली ठेवून जायचं. एवढं सगळं करून एक जखमी उचलता यायचा. नशीब चांगलं असेल तर दोन.

डोंगराच्या एका अरुंद धारेवर दोन जखमी असल्याचा निरोप आला. तिथे उतरायला जागा नव्हती. जवानांनी दगड रचून ओटा केला होता, बैलगाडी उभी राहील एवढा. पूर्ण टेकवता येणार नव्हतं. एक बाजू ओट्यावर लावायची आणि बाकीचं हवेत तोलून धरायचं. समोरच्या डोंगरावरून शत्रूला आम्ही दिसायचो, तोफगोळा यायला फार वेळ लागत नसे. म्हणजे जे करायचं ते झटपट.

ओट्याच्या कडेला दोघांना आडवं केलेलं होतं. एक कोवळा जवान, पोटात छर्रे. दुसरा हवालदार, चाळिशीचा, मिशा पिकायला लागलेल्या, एका पायाची गुडघ्याखाली दशा झालेली. वारा उलटा होता. मला एकच नेता येणार होता. त्यांच्या अधिकाऱ्याने बोटाने हवालदाराकडे खूण केली. कदाचित त्याचा हुद्दा मोठा म्हणून, कदाचित तोच वाचण्याची जास्त खात्री म्हणून. पंख्याच्या आवाजात शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं. हवालदाराने मान हलवली आणि पडल्या पडल्या हाताने शेजारचं स्ट्रेचर माझ्याकडे ढकललं. एकदा, दोनदा. अधिकारी थांबला आणि मग त्याने जवानाला उचलून आत घातलं. मी हवालदाराकडे बघून एक बोट वर केलं आणि गोल फिरवलं. पुन्हा येतो. त्याने मान डोलावली. मी धारेवरून निघालो.

जवानाला खाली उतरवलं, इंधन घेतलं, परत वळलो, तोवर ढगांनी धार गिळून टाकली होती. मी तरीही चढलो. समोर नुसता कापूस. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा आमच्या कमांडिंग ऑफिसरनी रेडिओवर सांगितलं, "वापस आओ. कल सुबह." मी परतलो. त्यांचा हुकूम बरोबर होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. ओट्यावर एक घोंगडी होती आणि तिच्यावर बर्फाचा थर. मी खाली आलो, पंख्याच्या वाऱ्याने बर्फ उडाला, आणि घोंगडीतून एक हात बाहेर आला. दगडांआडून जवान धावत आले, त्यांनी त्याला आत घातलं, तसा त्याने मागून माझ्या जॅकेटची कॉलर पकडली. पूर्ण उड्डाणभर सोडली नाही. गळ्याशी कॉलर काचत होती, पण मी त्याला सोड म्हणालो नाही. खाली उतरून पंखा थांबल्यावर तो पहिल्यांदा बोलला.

"साहब, वो लड़का?"

"ज़िंदा है."

"तो ठीक है," तो म्हणाला. मग त्याची बोटं आम्हाला एकेक करून सोडवावी लागली. त्याचा पाय गेला, जीव राहिला. पुढे हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांकडून तेवढं कळलं. मग दुसरं उड्डाण आलं, मग तिसरं.

इतकी वर्षं त्या गोष्टीत मला आठवायचे ते ढग, वारा, इंधनाचा काटा. म्हणजे पुढच्या सीटवरून दिसणारं. छताकडे बघत पडलो तेव्हा पहिल्यांदा मी तीच गोष्ट घोंगडीखालून पाहिली. ढगातून दोनदा आवाज जवळ आला असणार आणि दोनदा लांब गेला असणार. त्याने ते ऐकलं असणार. मग शांतता. आणि या माणसाला हलता येत नव्हतं. त्याने काय केलं असेल? दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. तो टिकून राहिला. एवढंच काम त्याच्याकडे होतं आणि ते त्याने नीट केलं.

मी ठरवलं, आपणही एवढंच करायचं. बरं होण्याचा विचार नाही, चालण्याचा नाही. मशीन श्वास देतंय, तो घ्यायचा. पुढचा येईल, तोही घ्यायचा. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. पण त्यानंतर भीती थोडी बाजूला सरकली.


बोलणारी माणसं

मनीषा सिस्टर काम करताना सतत बोलायच्या. माझं उत्तर येणार नाही हे माहीत असूनही. आज गाडीला उभं राहायलाही जागा नव्हती. नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे आले आणि त्यांनी पोह्यांना नावं ठेवली. "आता डाव्या कुशीवर घेते हं साहेब, दुखेल जरा. झालं, झालं." कापसाने ओठ ओले करता करता पोह्यांचं पुढे काय झालं ते सांगायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती आणि मी दिवसभर विचार करत होतो, मुलीला होकार आला की नाही. (आला.)

उलट काही जण पलंगाशी उभे राहून माझ्याबद्दल बोलायचे. "फार वाईट झालं हो. एवढा धडधाकट माणूस." मला वाटायचं ओरडावं, अहो, मी इथेच आहे!

नानांना आत सोडलं की ते हात जोडून उभे राहत, एक शब्द बोलत नसत. त्यांनी कानबाई देवीला नवस केला होता आणि अंगाऱ्याची पुडी आणली होती. सिस्टरनी ती आत आणू दिली नाही. नानांनी ती दाराबाहेरच्या हात धुण्याच्या नळाला दोऱ्याने बांधली. "येनारा-जानारास्ना हातले लागी," त्यांनी शैलाला समजावलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताला लागेल, म्हणजे त्यांच्यामार्फत आत जाईल. शैलाचा नवसावर विश्वास नाही. पण पुडी सुटून पडली तेव्हा तिनेच ती पुन्हा बांधली, हे मला गार्गीने नंतर सांगितलं.

शैला थकत चालली होती. पापण्यांच्या उघडझापीने आमचं बोलणं व्हायचं. एकदा मिटलं तर हो, दोनदा तर नाही. एकदा मला पाय सरळ करून हवा होता. तिने उशी विचारली, नाही. पंखा विचारला, नाही. चादर, नाही. डॉक्टर बोलावू? नाही. ती एकदम म्हणाली, "मग काय हवंय तुम्हाला? मला नाही कळत! नाही कळत मला!" आणि उठून बाहेर गेली. गार्गी तिच्या मागे धावली. मी छताकडे बघत राहिलो. राग आला नाही. उलट, कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यावर नवऱ्यासारखं ओरडलं होतं. थोड्या वेळाने ती आली, काही न बोलता पायांपासून सुरुवात केली, आणि पहिल्याच फटक्यात बरोबर आलं.


उलटा प्रवास

हा आजार जसा वर चढतो तसा उलट खाली उतरतो. शेवटी गेलेलं आधी परत येतं. आधी चेहरा हलला. मग खांदा किंचित. मग एका सकाळी डॉक्टरांनी मशीन काही मिनिटं बाजूला केलं आणि माझा मी श्वास घेतला. स्वतःचा श्वास कसा असतो हे मी विसरून गेलो होतो. दिवसागणिक ती मिनिटं वाढवत नेली. तोवर नळी गळ्याला छिद्र करून बसवलेली होती. ते छिद्र बुजलं तेव्हा आवाज आला, पण घोगरा, परक्या माणसाचा.

जळगावात राहून पहिला घास केळ्याशिवाय दुसरा कशाचा असणार? शैलाने कुस्करून चमच्याने भरवलं. गिळताना सगळ्यांचे डोळे माझ्या गळ्यावर. ठसका लागला नाही. नानांनी टाळी वाजवली आणि मग आपण दवाखान्यात आहोत हे आठवून हात मागे घेतले.

घरी आलो तो चाकांच्या खुर्चीत. त्यानंतरचे महिने फार लिहिण्यासारखे नाहीत, फक्त सोसण्यासारखे आहेत. व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट रोज यायचा. शर्टाचं एक बटण लावायला सकाळ जायची. कधी रडलो. रडण्याची लाज वाटू देऊ नका, पण व्यायाम चुकवू नका.

त्याच काळात एका दुपारी शैला माझ्या पायांना तेल चोळत होती आणि मी तिला त्या हवालदाराची गोष्ट सांगितली. युद्धाबद्दल मी घरी कधी बोललो नव्हतो. काही लपवायचं होतं असं नाही. घरी आल्यावर तो विषय आत आणावासा वाटत नसे. ती हात न थांबवता ऐकत होती.

"मशीनवर होतात तेव्हा त्याचाच विचार करत होतात?"

"बराचसा."

"आणि मी रोज येऊन तुम्हाला सांगायचे, गार्गीचा विचार करा, माझा विचार करा."

"तुम्हा दोघींचा विचार केला की रडू यायचं. नळी असताना रडलं तर गुदमरायला होतं."

तिने तेलाची वाटी जवळ ओढली. मग म्हणाली, "बरं झालं, त्याचा केलात." आणि दुसरा पाय घेतला.

आज मी काठी घेऊन चालतो. उजवं पाऊल अजून थोडं लोंबतं, त्याला बुटात पट्टी लागते. पायाची बोटं बधिर आहेत. डेअरीपर्यंत जातो आणि दूध घेऊन येतो.


धुळे

मागच्या महिन्यात आमच्या डॉक्टरांचा फोन आला. धुळ्याला एक शिक्षिका याच आजाराने मशीनवर आहेत, नवरा फार खचलाय, भेटाल का? शैलाने गाडी काढली. पारोळ्यावरून जाताना नाना रस्त्यावर शेंगांची पिशवी घेऊन उभे होते, रोग्याला शेंगा चालत नाहीत हे सांगूनही.

बाईंचे यजमान दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते. शेतकरी माणूस, पन्नाशीकडे झुकलेले. माझी काठी, माझा पाय, माझा गळ्यावरचा व्रण त्यांनी नीट बघून घेतला.

"तुम्हालाबी हेच झालतं?"

"हेच. मशीनसकट."

"आन आता चालता."

"चालतो. वेळ लागला."

ते मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "मी रोज आत जातो भाऊ. पन काय बोलू समजत नाही. रडू येईल म्हनून गप उभा राहतो अन् येतो. तिला ऐकू तरी येतं का?"

"सगळं येतं. उभे राहून तुम्ही निघून जाता, तेही कळतं."

त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "मंग काय बोलू?"

"घरातलं सांगा. काय शिजवलं, कोण आलं, काय बिघडलं. हात लावायच्या आधी लावतो म्हणून सांगा."

आम्ही दोघं आत गेलो. मी बाईंना माझं नाव सांगितलं आणि एवढंच म्हणालो, "मीही असाच पडून होतो. आज गाडीतून उतरून पायांनी आत आलो." त्यांच्या पापण्या सावकाश मिटल्या आणि उघडल्या. मग मी बाजूला झालो. यजमान पलंगाजवळ गेले. घसा खाकरला. हात पुढे केला, मध्येच थांबवला.

"हात धरतो हं," ते म्हणाले, आणि धरला. "आज भाकरी मी केली. एक बाजू करपली. पोरं म्हनली, आईला सांगू नका... मिक्सर बंद पडलाय, तू म्हनायची ना त्याच्यातून वास येतो, ते खरं होतं. अन् तुझ्या शाळेतल्या त्या बाई आल्या होत्या, त्यांना चहा केला, तर साखरच टाकायची राहिली. प्यायल्या बिचाऱ्या..."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. यजमानांनी ते रुमालाने टिपलं. टिपण्याआधी सांगितलं. आणि पुढे बोलत राहिले.

मी बाहेर येऊन शैलाशेजारी बाकावर बसलो. तिने विचारलं, "निघायचं?"

दारातून आवाज येत होता. म्हशीने शिंगाने गोठ्याचा पत्रा कसा उचकटला, ते चाललं होतं.

"थांबू थोडं," मी म्हणालो.